रूथमावशींबरोबरचा हंगाम

दिवाळी सरली की न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागतात. दोन-दोन ट्रॉल्या मागे ओढत, मोठ्यानं लावलेल्या गाण्यांच्या तालात ते इतके हळू चालतात की त्यांच्या मागे सापडलेल्या माणसाला घाई विसरावीच लागते. मी शिरूरहून सकाळीच निघालेली असते. स्कूटीच्या डिकीत गॉजचे बंडल, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे. न्हावऱ्यापासून पारगावपर्यंत घरोघरी अंथरुणाला खिळलेली माझी माणसं वाट बघत असतात. तरी ट्रॅक्टरला ओलांडून पुढे जायचं माझ्या मनात येत नाही. वरून उसाची पाती गळत राहतात. पारगावच्या पुलाखाली भीमेवर धुकं असतं, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येतो. गोड, धुरकट, जरासा करपलेला. तो वास नाकात शिरला की मी माझ्या वयाच्या तेविसाव्या वर्षात जाऊन पोचते. कासुर्डीला.

आठ वर्षं झाली. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपला होता आणि दौंडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मला नोकरी लागली होती. आमचं घर शिरूरला. वडील रांजणगावला कंपनीत शिफ्टला जायचे, आई देवळात रविवारच्या शाळेला मुलांना शिकवायची. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आईनं देवळातल्या ओळखीतून दौंडला माझी राहायची सोय लावली, ती रूथमावशींकडे. रेल्वे वसाहतीच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या होत्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मावशी माझ्याच हॉस्पिटलात आया होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण जखम धुण्यात त्यांचा हात असा होता की डॉक्टर अवघड ड्रेसिंगला त्यांनाच पाठवायचे. साठीला आलेल्या, बुटक्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. आणि सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. पहिल्या आठवड्यातच मला त्या गुणगुणण्याचा वैताग आला.

त्याच सुमारास कासुर्डीचे आबा हॉस्पिटलातून घरी गेले. आबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ऊस, गुऱ्हाळ, सोसायटीच्या राजकारणात शब्दाला वजन. सत्तरीतही कुस्तीगिराचा बांधा. दसऱ्याच्या आधी गोठ्याचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटला म्हणून ते स्वतः वर चढले आणि तिथून पडले. कमरेखालचं सगळं शरीर गेलं. एका जागी पडून पडून माकडहाडावर जखम झाली. हाताचा तळवा मावेल एवढी रुंद, आणि आत हाडापर्यंत. रोज धुवून पट्टी बदलायची होती. एवढ्या मोठ्या माणसाला कुशीवर वळवायचं तर दोघी लागणार. म्हणून डॉक्टरांनी मावशींच्या जोडीला मला दिलं.

दौंडहून सकाळची डेमू गाडी, यवतला उतरायचं, तिथून कासुर्डीला जीप. गाडीच्या खिडकीतून दोन्हीकडे उसाला फुटलेले तुरे दिसायचे. चंदेरी, थंडीनं जड झालेले. ऊन त्यांच्यावरून घरंगळत यायचं. आज त्या सकाळी मला स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. तेव्हा मात्र मी त्या नीट बघितल्याही नसतील. सगळं लक्ष पुढच्या पट्टीकडे असायचं.

पहिल्या दिवसाचा तो वास मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की पट्टी उघडली तेव्हा मी श्वास धरला, आणि तो सोडावा लागला तेव्हा गोठ्यामागे जाऊन उलटी केली. परत आले तर मावशी जखमेकडे वाकून बघत होत्या. एखादी बाई कुंडीतल्या रोपाला नवं पान फुटलंय का बघते, तशा.

"ह्या कडंला जरा लाल दिसतंय," त्या म्हणाल्या. "छान आहे. लाल म्हणजे जिवंत."

आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "ख्रिस्ताच्या बाया ना तुमी? धर्म शिकवाया आलाय का?"

"नाही आबा," मावशी म्हणाल्या. "पट्टी बदलायला आलोय."

"मंग बदला आन् जा."

"जातो की. साडेबाराची गाडी आहे."

काम झाल्यावर आबांच्या सुनेनं, अलकावहिनींनी, आम्हाला चहा दिला. दोन काचेचे पेले, बाहेर ओट्यावर. पिऊन झाल्यावर वहिनी खाली बघत म्हणाल्या, "तेवढं विसळून त्या कोनाड्यात ठेवाल का?" घरातल्या बाकीच्यांचे कप स्टीलचे होते आणि ते आत मांडणीवर होते. मला सगळं समजलं. कानाच्या पाळ्या तापल्या. मावशींनी पेले विसळले, कोनाड्यात ठेवले आणि वहिनींना म्हणाल्या, "आलं छान घातलं होतं बाई."

परतीच्या गाडीत मी त्यांच्यावर चिडले. म्हणाले, "मावशी, तुम्हाला वास येत नाही का? अपमान कळत नाही का?"

"वास येतो की. देवानं मला काय वेगळं नाक दिलंय?" त्या म्हणाल्या. "आणि पेला कोनाड्यात ठेवताना दुखतंच. चाळीस वर्षं दुखतंय."

"मग हसता कशा?"

त्यांनी पिशवीतून भाकरीचा रुमाल काढला, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "मी काही हसरी बाई नाही गं. रोज सकाळी रिकामीच निघते. पाटस स्टेशन गेलं की केडगाव येईपर्यंत प्रार्थना करते. म्हणते, प्रभू, मला आज आबांचा कंटाळा येऊ देऊ नको. आणि आलाच, तर तोंडावर दिसू देऊ नको. कासुर्डीच्या फाट्यापर्यंत तो काहीतरी देतो. कधी गाणं, कधी नुसता धीर. कधी कधी काहीच देत नाही, तेव्हा मी देवाशी भांडत भांडत काम करते. पण काम करते."

मला ते तेव्हा पटलं नाही. लहानपणापासून देवळात वाढलेली मुलगी मी. गीतं पाठ होती, प्रार्थना तोंडात बसल्या होत्या. पण देवळातला आनंद हा मला नेहमी इस्त्री केलेल्या कपड्यांचा आनंद वाटायचा. मेणबत्त्या, झालर लावलेला तारा, नाताळच्या करंज्या. तो कासुर्डीच्या त्या अंधाऱ्या खोलीत, त्या वासात, त्या शिव्यांत कसा शिरणार? मी मनात ठरवून टाकलं, की मावशी एकतर भोळ्या आहेत किंवा नाटकी. आणि पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अर्ज करून ठेवला.

आज माझ्याकडे रांजणगावला कामाला आलेला एक बिहारी तरुण आहे. खोलीवर स्टो पेटवताना हात भाजला. परवा पट्टी काढताना तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दीदी, इसमें हँसने का क्या है?" मी हसत होते हे मला माहीतच नव्हतं. काय सांगणार त्याला? म्हटलं, "अच्छा भर रहा है, इसलिए." ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं सांगायचं तर त्याला कासुर्डीच्या त्या खोलीत घेऊन जावं लागलं असतं.

नोव्हेंबर गेला. जखम ना वाढत होती ना भरत होती. आबा खाणं कमी करत चालले होते. पूर्वी शिव्या द्यायचे, आता तेही बंद. त्यांचा मुलगा दत्ता गुऱ्हाळावरून मधेच यायचा, दारात उभा राहायचा, बापाच्या पाठीकडे बघायचा आणि काही न बोलता परत जायचा. मावशी मात्र रोज त्यांना बाहेरच्या बातम्या सांगायच्या. कुणाच्या शेतात ऊसतोडीची टोळी आलीय, यवतला बाजारात वांगी कशी आलीत. आबा उत्तर देत नसत. मावशींना उत्तराची गरज नसे.

एकदा संध्याकाळी दौंडच्या घरात त्या पाय चोळत बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, जो माणूस तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, त्याच्यासाठी एवढं कशाला?"

भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता, रेल्वेच्या गणवेशातला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हे दोन वर्षं पडून होते. लकवा. मीच करायचे सगळं. एक डाग कपड्याला राहू दिला नाही, पाठीला एक फोड येऊ दिला नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, रूथसारखी सेवा कुणी करणार नाही. पण मी सगळं चिडून करायचे. वळवताना हिसका द्यायचे. माझं तोंड नेहमी असं." त्यांनी ओठ घट्ट मिटून दाखवले. "ते स्वच्छ गेले, सुवार्ता. पण जाताना त्यांच्यासमोर हे तोंड होतं."

बाहेर मालगाडी चालली होती. ती संपेपर्यंत त्या थांबल्या.

"त्यानंतर वर्षभर देवळात जाऊन बसायचे, पण वर बघवायचं नाही. मग एकदा प्रार्थनेत मागितलं. म्हटलं, मला माफी दिलीस हे मला कळू दे. तर काय दिलं त्यानं? हे काम दिलं. दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या पाठी दिल्या. म्हणाला असेल, घे, पुन्हा कर. ह्यावेळी नीट."

त्या हसल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. ज्या हसण्याला मी महिनाभर भोळं म्हणत होते, ते एवढ्या खोल विहिरीतून शेंदून काढलेलं होतं.

डिसेंबरात मावशी अंगणात घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर लागलं. कासुर्डीला मी एकटी जायला लागले. आबांना वळवायला अलकावहिनी मदत करणार होत्या.

पहिल्या दिवशी पाटस गेलं तेव्हा मी डोळे मिटले. प्रार्थनेला शब्दच येईनात. पाठ केलेलं म्हणून बघितलं, ते गाडीच्या खडखडाटात वाहून गेलं. शेवटी मी नुसती खिडकीतून दिसेल ते म्हणत गेले. ऊस. बगळे. एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन. वीटभट्टी. पुन्हा ऊस. प्रभू, हे बघ. प्रभू, हे बघ. केडगाव आलं. काही मिळाल्यासारखं वाटलं नाही. फक्त यवत येईपर्यंत मी ते म्हणणं थांबवलं नाही, एवढंच.

आबांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. वहिनी दारातच म्हणाल्या, "सिस्टर, पानीसुदिक घेईनात. ह्यांनी हात जोडले काल. तर म्हनले, मला जाऊ द्या." गोठ्याकडे दत्ता पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे हलत होते. एवढा आडवा-उभा माणूस.

मी आत गेले. पट्टी सोडली, सलाइननं जखम धुतली. वहिनींनी आबांना कुशीवर धरलं होतं. खोलीत त्या पाण्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. आणि आबा अचानक बोलले.

"म्हातारी कुठं हाय?"

"हात मोडलाय त्यांचा. घरी आहेत."

"आन् तुजं नाव काय?"

महिना उलटून गेला होता आणि त्यांनी पहिल्यांदा नाव विचारलं होतं. "सुवार्ता," मी म्हणाले.

"म्हंजी काय?"

"चांगली बातमी."

आबा भिंतीला उद्देशून कडवट हसले. "चांगली बातमी व्हय? मंग सांग की येखादी."

माझे हात थांबले. मग आई रविवारच्या शाळेत कापडी चित्रं लावून सांगायची ती गोष्ट आठवली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी तीच सांगायला लागले. एक माणूस होता, आबा. तुमच्यासारखाच पडून. हातपाय हलत नव्हते. गावात प्रभू येशू आलेत, माणसं बरी करतायत असं कळलं, तर त्याच्या चार मित्रांनी त्याला खाटेसकट उचललं. पण घरात ही गर्दी. दारातून आत शिरायला वाव नाही. मग त्या चौघांनी खाट घराच्या छपरावर नेली. छप्पर उकरलं, भलंमोठं भोक पाडलं आणि दोर लावून खाट खाली सोडली, थेट प्रभूच्या समोर. प्रभूनं त्याला आधी माफी दिली, मग म्हणाला, ऊठ, तुझी खाट उचल आणि घरी जा. आणि तो उठला. चालत गेला.

सांगता सांगता मला स्वतःचाच राग आला. जो माणूस कधी चालणार नाही, त्याला मी चालत गेलेल्याची गोष्ट सांगत होते. मी मान खाली घालून गॉज भरत राहिले.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "घर कुनाचं व्हतं ते?"

"कुठलं?"

"ज्याचं छप्पर फोडलं."

"ते सांगितलेलं नाही, आबा."

"आरं पन त्या घरवाल्याचं काय? समदी गेली आपापल्या घरी. ह्यो चालत गेला, ते चौघं नाचत गेले. छप्पर कुनी नीट केलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वळवली होती. महिनाभरात पहिल्यांदा मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता आणि त्यावर खरोखरची काळजी होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा परक्या माणसाच्या छपराची. मला हसू फुटलं. आवरायला गेले तर जास्तच आलं. वहिनींनी तोंडाला पदर लावला, पण त्याआडून त्यांचंही हसू ऐकू यायला लागलं. आणि मग आबा हसले. आवाज न करता, पोटातून, इतके की मला म्हणावं लागलं, "आबा, हलू नका, पट्टी सुटेल." त्यावर ते आणखी हसले. त्या खोलीत, त्या वासात, उघड्या जखमेपाशी आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतो.

हसू ओसरल्यावर आबा वर बघत म्हणाले, "आपल्या गोठ्याचा पत्रा तसाच हाय ना आजून?"

वहिनींनी तोंडावरचा पदर काढला. आबा पडल्यापासून त्या गोठ्यावर कुणी चढलं नव्हतं. कुणाची हिंमतच झाली नव्हती.

"दत्ताला बोलव," आबा म्हणाले.

दत्ता आला. डोळे लाल होते.

"शिडी लाव आन् पत्रा बसव. थंडीची जनावरं उघड्यावर हायती."

"आबा, मी न्हाई चढनार त्याच्यावर," दत्ता म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "म्या तवा शिडी धरली असती तर..."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस हा मुलगा दारात उभा राहून का परत जात होता, ते बहुतेक त्यांनाही तेव्हाच कळलं.

"तू गुऱ्हाळावर व्हतास. म्याच कुनाला हाक मारली न्हाई," ते म्हणाले. "मला भाईर ने. मी बघतो तू कसा चढतोस ते."

गुऱ्हाळावरचे तिघे आले, दत्ता चौथा. लोखंडी खाट उचलून त्यांनी अंगणात आणली. मी कुशीला उशा लावल्या, पांघरूण खोचलं. आबांनी उन्हात डोळे मिटून घेतले. नाकपुड्या मात्र हलत होत्या. गुऱ्हाळावर गुळाची काहील उतरायला आली होती आणि तो वास सगळ्या अंगणावर पसरला होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि सुरू झाले.

"खिळा पत्र्याच्या वरच्या घडीत मार. खालच्या घडीत मारलास तर पानी आत यील. तिकडनं न्हाई, वाऱ्याच्या बाजूनं धर. आसं. आता दुसरा."

दत्ता वर वाकून ठोकत होता आणि मधेमधे बाहीनं डोळे पुसत होता. पत्रा बसला. तो खाली उतरल्यावर आबा म्हणाले, "बरा बसवलास." आणि वहिनींना म्हणाले, "भाकरी हाय का?"

दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली. मग चहा आला. वहिनींनी मला पेला दिला नाही. आतून स्टीलचा कप आणला आणि माझ्या हातात ठेवला. पिऊन झाल्यावर मी उठायला लागले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बाकीच्या कपांबरोबर न्हाणीत नेला. साडेबाराची गाडी केव्हाच गेली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी मावशींना सगळं सांगितलं. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून त्या ऐकत होत्या. छपराच्या प्रश्नाला खळखळून हसल्या.

"एवढी वर्षं ती गोष्ट ऐकतेय," त्या म्हणाल्या, "पण त्या छपराकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. खरंच, कुणी नीट केलं असेल?"

"कुणीतरी केलं असेल," मी म्हणाले. "सगळे गेल्यावर. कचरा गोळा करून, माती कालवून."

मावशी विचार करत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. "तोही थांबला असेल गं," त्या म्हणाल्या. "कोण म्हणजे काय, प्रभू. सुताराच्या घरातला तो. दुसऱ्याचं छप्पर उघडं टाकून जाईल होय? नक्की थांबला असेल. कमरेला शेला बांधून."

मी त्या रात्री लवकर झोपले आणि सकाळी उठले तेव्हा मनात ते चित्र तसंच होतं. चमत्कार होऊन गेलाय, गर्दी पांगलीय, आणि एक माणूस छपरावर बसून माती लिंपतोय. घाई नाही. कुणी बघत नाही. बहुधा काहीतरी गुणगुणतोय. चमत्कार करणं माझ्या हातात नव्हतं. आबांना चालवणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण त्या छपरावर त्याच्या शेजारी बसायला जागा होती, आणि ती मला आवडली. त्या दिवसापासून पाटस ते केडगाव मला शब्द कमी पडले नाहीत. कधी कधी तर शब्द लागलेच नाहीत.

वास तसाच होता. पाठ वळवताना कंबर तशीच भरून यायची. काही दिवस आबा पुन्हा भिंतीकडे वळायचे आणि मला त्यांचा कंटाळाही यायचा. पण एक दिवस वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, ते कुठलं गानं म्हनता तुमी रोज? माझ्याबी तोंडात बसलं." मी गाणं म्हणते हे मला तेव्हा कळलं.

नाताळात पुण्याच्या हॉस्पिटलाचं बोलावणं आलं. नव्या वर्षात रुजू व्हायचं होतं. आईला फोन केला. म्हटलं, "आई, जखम आता कुठं भरायला लागलीय." आईनं विचारलं, "पगार कळतोय ना तुला तिकडचा?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग देवाला विचारून ठरव, मला विचारून नको." मी पुण्याला नकार कळवला. तो मोठा त्याग वगैरे नव्हता. जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलीला खाली उतर म्हटलं तर ती जशी उतरत नाही, तशी मी उतरले नाही.

आबा त्यानंतर दोन पावसाळे जगले. चालले नाहीत. पण त्यांची खाट रोज अंगणात यायची आणि तिथून ते गुऱ्हाळ चालवायचे. खंडोबाचा भंडारा त्यांच्या कपाळावर असायचा आणि मावशींनी तो पट्टीच्या वेळी कधी पुसला नाही, उलट घामानं गेला तर वहिनींना आठवण करायच्या. त्यांना देव बदला असं आम्ही म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मात्र दत्ता आणि वहिनी गुळाची ढेप घेऊन दौंडला आले, मावशींच्या खोलीत सतरंजीवर बसून करंज्या खाल्ल्या. "आबांनी सांगितलंय, म्हातारीला म्हनावं हात लवकर बरा कर, ही पोरगी लई हळू पट्टी बांधती," दत्ता म्हणाला. आबा गेल्याचा निरोपही दत्तानंच दिला. झोपेत गेले, म्हणाला. पाठीवर एक जखम नव्हती, म्हणाला.

पण मला तो हंगाम आठवतो तो त्याच्या शेवटच्या दिवसासकट. मार्च लागला होता. ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरून आपापल्या गावी निघाल्या होत्या. शेतांतून जळलेल्या पाचटाचे काळे पट्टे होते. मावशींचं प्लास्टर निघून महिना झाला होता, आम्ही पुन्हा दोघी जात होतो. त्या दिवशी पट्टी काढली तर खाली नवी कातडी होती. गुलाबी, पातळ, लहान बाळाच्या टाळूसारखी. मावशींनी त्यावर बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच स्पर्श केला. म्हणाल्या, "आबा, आता आमचं काम नाही." आबा म्हणाले, "आसंच येत जावा मंग. कामाबिगर."

यवतच्या स्टेशनवर आम्ही दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो. प्लॅटफॉर्मवर कुणी नव्हतं. कडुनिंबाची पानं गळत होती, ऊन रुळांवरून थरथरत वर जात होतं. मला रडू येत होतं आणि ते कशाचं ते कळत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ज्या खोलीतून मी पळून आले होते, तिथे उद्या जायचं नाही म्हणून मला वाईट वाटत होतं. हे मावशींना सांगावं म्हणून मी वळले, तर त्यांचा डोळा लागला होता. डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं. तोंड किंचित उघडं. हातातली पिशवी तशीच घट्ट धरलेली. पहिल्यांदाच मी त्यांना इतक्या जवळून बघत होते. कपाळावर घाम होता, डोळ्यांखाली काळं होतं. गुणगुणणं बंद असताना त्या किती थकलेल्या दिसत, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी आली. दोन मिनिटं थांबली. एका डब्याच्या दारातल्या माणसानं, चढायचं नाही का, असं हातानं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. गाडी गेली, रूळ पुन्हा मोकळे झाले. मी खांदा हलू न देता बसून राहिले.